ड्रॉपर पोस्टच्या तीन पितळी पिना

गेला पावसाळा संपता संपता माझ्या सायकलचं सीट वळवळायला लागलं. बसल्या बसल्या मांडी जरा डावीकडे गेली की सीटचं नाकपण डावीकडे, उजवीकडे गेली की उजवीकडे, आणि मधे खट् असा बारीकसा आवाज. रस्त्यावर फार जाणवायचं नाही पण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दगडगोट्यांतून उतरताना सीट आतल्या मांडीला टेकवून सायकल वळवायची सवय असते ना, तिथे नेमकं ते नाक हातभर लांब पळाल्यासारखं वाटायचं. आधी वाटलं रेल्सचा, म्हणजे सीटखालच्या दोन सळयांचा, बोल्ट ढिला झाला असेल, तो आवळला. मग सीट क्लॅम्प, म्हणजे फ्रेममध्ये सीटचा दांडा धरून ठेवणारा पट्टा, आवळला, चांगला दाबून आवळला, त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच. दोन्हीने काही फरक नाही.

माझ्या सायकलला ड्रॉपर पोस्ट आहे, तो म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सीटच्या खालचा दांडा म्हणजे सीटपोस्ट, तो साध्या सायकलमध्ये एकाच उंचीवर आवळलेला असतो. ड्रॉपरमध्ये हँडलला एक लिव्हर असते, ती दाबून सीटवर बसलं की सीट खाली जातं, लिव्हर सोडली की तिथेच थांबतं, परत वर हवं असेल तर उठायचं आणि लिव्हर दाबायची, गॅसच्या स्प्रिंगने आपोआप वर येतं. ऑफिसची खुर्ची वरखाली होते ना, अगदी तेच तत्त्व. चढाला सीट उंच पाहिजे म्हणजे पाय पूर्ण ताणून पेडल मारता येतं आणि उताराला सीट खाली पाहिजे म्हणजे अंग मागे खाली घेता येतं, नाहीतर सीट पोटात येतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. ही गरज काही आजची नाही, १९८४ च्या सुमाराला कॅलिफोर्नियात जो ब्रीझ आणि जॉश अँजेल या दोघांनी हाइट-राइट नावाची एक साधी स्प्रिंग काढली होती, ती फ्रेमला आणि सीटपोस्टला लावायची, क्विक रिलीज, म्हणजे हाताने उघडायचा क्लॅम्प, सैल केला की सीट दाबून खाली, परत सैल केला की स्प्रिंगने वर. आता केबल, गॅस कार्ट्रिज (ज्यात ती गॅसची स्प्रिंग असते ती नळी) वगैरे आलं, पण काम तेच.

माझा पोस्ट ३०.९ मिमी जाडीचा, १५० मिमी खालीवर होणारा, केबलवाला, साडेतीन वर्षं वापरलेला. एका दुकानात दाखवला तर तिथल्या मुलाने नाक धरून एकदा हलवलं आणि म्हणाला, "मॅडम हा गेला, नवीन टाका, रिपेअर होत नाही याच्यात काही." नवीन किती तर १६,००० च्या पुढे. मी तिथे काही बोलले नाही पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच चालू होतं, की वर जातोय, खाली जातोय, थांबवला तिथे थांबतोय, मग गेला कसा? फक्त वळतोय. मग जे वळू न देण्यासाठी आत काहीतरी असेल तेवढंच झिजलं असणार.

खोलायच्या आधी नक्की काय बिघडलंय ते बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण ड्रॉपरच्या चार वेगवेगळ्या तक्रारी असतात आणि लोक सगळ्याला "हलतंय" एवढंच म्हणतात. सीट पूर्ण वर करा, एका हाताचं बोट कॉलरवर ठेवा, म्हणजे जाड बाहेरची नळी संपून आतली चकचकीत नळी सुरू होते तिथे जी गोल टोपी असते तिच्यावर, अर्धं बोट टोपीवर आणि अर्धं नळीवर, आणि दुसऱ्या हाताने नाक डावीउजवीकडे फिरवा. बोटाखाली नळी वळताना लागली तर आतल्या पिना झिजल्यात. सीटचं नाक वर-खाली ढकललं आणि नळी पुढेमागे डुलताना लागली तर कॉलरच्या आतला बुश, म्हणजे नळीला धरणारं गोल कडं, झिजलाय. बसल्यावर सीट एखादा सेंटिमीटर स्पंजसारखं दबत असेल तर ते कार्ट्रिजचं दुखणं, आणि वर यायला वेळ लावत असेल तर बहुतेक वेळा चिखल, सुकलेलं ग्रीस, अडकणारी केबल नाहीतर जास्त आवळलेला क्लॅम्प. माझ्याकडे पहिलं भरपूर होतं आणि दुसरं थोडंसं. नाकाखाली पट्टी धरून मोजलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत ७ मिमी. नवा असतानापण थोडं हलायचं, साधारण १ मिमी, आणि तेवढं सगळ्याच ड्रॉपरना असतं, त्यासाठी कुणी खोलत बसू नका.

रविवारी सकाळी बाल्कनीत जुनी चादर अंथरून बसले. सीट काढलं, पोस्ट फ्रेममधून वर ओढत खालून केबल सैल केली, खालच्या टोकाचा ॲक्च्युएटर म्हणजे केबल ज्याला ओढते तो खटका, त्यातून केबलचा गोल मणी काढला. खाली एक सर्क्लिप, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी, होती ती सर्क्लिप पक्कडीने काढली की कार्ट्रिजचा खालचा भाग बाहेरच्या नळीपासून सुटतो. मग वरची कॉलर. ती हाताने हलत नव्हती, चिखल आत जाऊन घट्ट बसलेली, आणि पान्याने धरायला तिच्यावर सपाट जागाच नाही. पक्कड लावायचा मोह होतो पण लावू नका, चरे पडतात. जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती कॉलरला दोनदा घट्ट गुंडाळली, टोक हातात पिळून धरलं आणि नळी दोन पायांच्या मधे दाबून धरली, तिसऱ्या झटक्याला सुटली. साध्या आट्यांचीच आहे, डावीकडे फिरवली की सुटते.

आतली नळी सावकाश वर ओढली. सावकाश, कारण पिना कुठे उडतील सांगता येत नाही. खालचं टोक बाहेर आलं तसं काळपट राखाडी ग्रीस, त्यात टेकडीची लाल माती मिसळलेली, बोटात घेतलं तर करकर लागत होतं, म्हणजे ग्रीस नव्हतंच ते, पॉलिशची पेस्टच झाली होती. आणि त्यात तीन छोट्या पितळी पिना, प्रत्येक १२ मिमी लांब, पेन्सिलीच्या शिशापेक्षा जरा जाड. आतल्या नळीच्या खालच्या टोकाला तीन बाजूंना अर्धगोल खाचा असतात, त्यात या पिना नळीच्या लांबीच्या दिशेने पडून राहतात, आणि बाहेरच्या नळीच्या आतून लांबच्या लांब तीन खोबणी असतात, त्यात पिनेचं दुसरं अर्धं अंग घसरतं. नळी वरखाली होऊ शकते पण वळू शकत नाही ती एवढ्यामुळे. १६,००० रुपयांच्या वस्तूत वळू न देण्याचं सगळं काम या तीन पिनांवर आहे.

आईचं एक स्टीलचं ताट घेतलं, त्यात कागदावर १, २, ३ लिहून प्रत्येक पीन आपापल्या आकड्यावर ठेवली आणि नळीवरपण मार्करने तेच आकडे टाकले. हे जरूर करा. स्पिरिटने पुसल्यावर पिना उन्हात धरून बघितल्या तर दोन बाजूंनी सपाट झालेल्या, पाट्यावर घासल्यासारख्या, आणि उरलेल्या दोन बाजूंनी मूळच्या गोल.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका राहतात, पिंपरीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून आयुष्य गेलं त्यांचं, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली पण मायक्रोमीटर अजून फडक्यात गुंडाळून कपाटात आहे. ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा बदलला, पीन नखावर फिरवून बघितली आणि म्हणाले, "अगं ही झिजायलाच बनवलीय. नळी ॲल्युमिनियमची ना? मग ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासलं तर ते एकमेकाला खातं, चिकटतं. म्हणून मधे पितळ घातलंय. पितळ झिजतंय म्हणून तुझी नळी शाबूत आहे." मी म्हटलं, "काका, पण दुकानात म्हणाले रिपेअर होत नाही." त्यावर ते काही बोलले नाहीत, मायक्रोमीटर उघडला आणि माझ्या हातात दिला, "घे, तूच मोज. आवळू नकोस, मागच्या रॅचेटने फिरव, टकटक झालं की थांब."

सपाट बाजूंवर मापं आली २.६०, २.६२ आणि २.६५. गोल बाजूला तिन्ही ३.०० च्या आसपास. म्हणजे सगळ्यात कमी झिजलेली पीनसुद्धा ०.३५ मिमी खाल्ली गेली होती. आता ०.३५ मिमी म्हणजे तीन-साडेतीन कागदांची जाडी, तेवढ्याने नाक ७ मिमी कसं हलेल असं मलापण वाटलं होतं, तर काकांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशोब करून दाखवला. पीन पोस्टच्या मध्यापासून जेमतेम १२ मिमीवर आणि सीटचं नाक १५० मिमीवर, म्हणजे पिनेपाशी जे सैल आहे ते नाकाशी साडेबारा पट होऊन दिसतं. ०.३५ ला साडेबाराने गुणलं की ४.४ मिमी. मूळचा १ मिमी. झाले साडेपाच. उरलेला दीड मिमी? तो खोबणीच्या झिजेचा. त्याला साडेबाराने भागा, खोबणी साधारण ०.१२ ने रुंद झालीये. म्हणजे नवी पीन मूळ मापाची ३.०० ची टाकूनही पूर्ण घट्ट होणार नाही, किंचित जाड पाहिजे. कंपन्यापण म्हणूनच या पिना वेगवेगळ्या जाडीत बनवतात, काहींवर बारीक खुणा करून माप दाखवलेलं असतं. परदेशात असाल तर आपल्या पोस्टच्या पिनांचा सेट मागवा आणि एक-दोन साइझ मोठा बसवून बघा, तास-दोन तासांचं काम. मला इथे माझ्या पोस्टच्या पिना सुट्या मिळाल्याच नाहीत.

पहिला उपाय अगदी फुकटचा केला. गोल पिना आहेत ना, मग ९० अंशात फिरवून बसवल्या तर न झिजलेली बाजू खोबणीच्या भिंतीला लागेल. तशा बसवल्या, ताजं ग्रीस, सगळं बंद केलं, नाक हलवलं तर ३ मिमीच्या आत! मी इतकी खूश झाले की त्याच संध्याकाळी टेकडीवर गेले. पण तीन आठवड्यांनी परत खटखट. खोलून बघितलं तर दोन पिना हळूहळू फिरून परत सपाट बाजूवर येऊन बसल्या होत्या. सपाट अंगाला खोबणीत जागा जास्त मिळते, धक्के खात खात ती तिथेच जाऊन बसणार, हे आधी लक्षात यायला हवं होतं. तरी एखादी ट्रिप दोन दिवसांवर आली असेल आणि पोस्ट वळत असेल तर हा उपाय करायला हरकत नाही, तेवढ्यापुरता चालतो.

मग नव्या पिना बनवायच्या ठरवल्या. पितळेची ३ मिमीची बारीक सळई कुठे मिळेल म्हणून आधी तांबट आळीत विचारावं असं डोक्यात होतं, पण काका म्हणाले, "भांड्यांच्या माणसांकडे कशाला जातेस, वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात जा आणि ब्रेझिंगचा रॉड माग." हे मला सुचलंच नसतं. ब्रेझिंगचे, म्हणजे वितळवून धातू जोडायला वापरतात ते, पितळी रॉड १.६, २.५, ३.१५ अशा जाडीत येतात, आणि ३.१५ म्हणजे मला हवं त्यापेक्षा चिमूटभर जास्त, म्हणजे घासून मापावर आणायला अगदी बरोबर. रविवार पेठेत बोहरी आळीत गेले, दुसऱ्या दुकानात मिळाला. मागताना दोन गोष्टी सांगा, एक म्हणजे पिवळा पाहिजे, फ्रिज-एसीवाले वापरतात तो तांबूस नको, आणि दुसरं म्हणजे वरून फ्लक्सचं कोटिंग नसलेला, उघडा रॉड. काउंटरवरच्या काकांनी किती किलो विचारलं, मी म्हटलं एकच नग द्या, तर त्यांनी कशासाठी ते विचारलं, सायकलसाठी म्हटल्यावर स्वतः दहा-बारा रॉड काचेच्या काउंटरवर लोळवून त्यातला सरळ बघून दिला. ७० रुपये.

आता लेथ नाही, तर गोल वस्तू एकसारखी बारीक कशी करायची? घरचं साधं ड्रिल मशीन. ते टेबलाच्या कडेला जाड चादरीत गुंडाळून क्लॅम्पने पक्कं बांधलं, रॉडचा पाच इंच तुकडा कापून चकमध्ये (ड्रिलच्या तोंडात) धरला, साधारण ५ सेंमी बाहेर ठेवला. जास्त बाहेर ठेवला तर टोक फडफडतं. पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी, आधी ३२० नंबर, ती दुमडून चिमटीत धरायची, मधे फिरणारा रॉड, आणि हात सतत चक ते टोक, टोक ते चक असा फिरता ठेवायचा. एका जागी थांबलात की तिथे कंबर पडते. टोकाला जरा जास्त दाब पडतोच आपोआप, त्यामुळे टोकाचे ५ मिमी नंतर कापून टाकायचे असं धरूनच चाला. हातमोजे घालू नका, मोज्याचा धागा अडकला तर बोट आत ओढलं जातं, ओढणी आणि केसपण आवरून बसा. डोळ्याला चष्मा. पितळ तापतं, चिमटीला चटका बसतो, तेव्हा अर्धा मिनिट करायचं, थांबायचं, पुसायचं, मोजायचं. ३.१५ वरून ३.१२ ला यायला वीस मिनिटं लागली, आणि मग ६०० नंबर, मग १००० नंबर. त्या शेवटच्या कागदानंतर सळई सोन्याच्या तारेसारखी दिसायला लागली, बोट फिरवलं तर काचेसारखं लागतं. ते गुळगुळीत होणं दिसण्यासाठी नाही, खरबरीत पीन म्हणजे खोबणीत कानसच फिरवल्यासारखं.

३.१० ला थांबले, कारण हिशोबाने ३.१० बसायला पाहिजे होती. हॅक्सॉने १२ मिमीचे तीन तुकडे, टोकं बारीक कानशीने गोल केली, कडेला राहिलेली बर, म्हणजे कापताना उरलेली धारदार कड, काढली. खाचेत ग्रीस लावून चिकटवल्या आणि नळी आत घातली. वरच्या भागात इतकी छान चालली, नाक जवळजवळ हलेना. आणि मग अर्ध्यावर, साधारण ७ सेंमी खाली गेल्यावर, अडकली. दाबलं तरी जाईना. मी पार गोंधळले, मग तो कागदावरचा हिशोब परत बघितला. खोबणी रुंद झालीये खरी, पण सगळीकडे सारखी नाही ना! मी नव्वद टक्के वेळ सीट वर ठेवून चालवते, मग पिनांनी खोबणी वरच्याच भागात खाल्लीये, खालचा भाग अजून नव्यासारखा आहे. तिथे मूळचीच मोकळीक, ०.०८ च्या आसपास (नाकाशी मूळचा १ मिमी, त्याला साडेबाराने भागून). वर बसेल अशी पीन खाली अडकणारच. म्हणून पिनेचं माप खालच्या भागावरून ठरवायचं, वरचा थोडा सैलपणा सोसायचा. माझ्यासाठी ही या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी शिकवणी होती, आणि तुम्ही तयार पिनांचा मोठा साइझ घेणार असाल तरीसुद्धा कॉलर बंद करण्याआधी नळी पूर्ण खालपर्यंत हाताने नेऊन बघा.

परत तीन पिना. तेच सगळं, ड्रिल, कागद, मोजणं, या वेळी ३.०६. अजून एक बारीक गोष्ट, पीन जाड झाली की ती फक्त रुंदीत नाही, खोलीतपण जाड होते, आणि खोबणीच्या तळाला टेकून घासते. त्यासाठी काचेच्या तुकड्यावर १००० चा कागद ठेवून प्रत्येक पिनेची पाठ आणि पोट दहा-दहा वेळा हलकेच घासलं, फक्त वरून खालून, बाजूंना हात लावला नाही. बसवताना ती घासलेली पाठ बाहेरच्या बाजूला. या वेळी नळी वरपासून खालपर्यंत एकसारखी गेली, लोण्यात सुरी जावी तशी, कुठे थांबली नाही. काकांना हाक मारून दाखवलं, त्यांनी स्वतः दोनदा वरखाली केली आणि "हां, आता बसली" म्हणाले. तेवढं म्हणाले तरी माझा दिवस सार्थकी लागला.

खोललंच आहे तर कॉलरच्या बुशचं पण बघितलं, पुढेमागे डुलणं त्याच्यामुळे. कॉलरच्या आत एक चिरलेला प्लास्टिकचा गोल बुश असतो. तो नवीन मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर त्याच्या मागे, म्हणजे बुश आणि कॉलरच्या मधे, पातळ शिम, म्हणजे जागा भरायला पत्र्याची पट्टी, घालायची. कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, त्याची बुशच्या उंचीपेक्षा किंचित कमी रुंदीची पट्टी कात्रीने कापली, कडा १००० च्या कागदावर मारल्या, कोपरे गोल केले, आणि बुशच्या मागे गुंडाळून बसवली. टोकं एकमेकांवर चढू द्यायची नाहीत, १ मिमी फट राहिली पाहिजे. पत्रा नळीला कुठेच लागता कामा नये, नळीला लागतो तो बुशच. एकच थर. दोन घातले तर पोस्ट वर यायचा बंद होईल.

ग्रीसबद्दल सांगते कारण इथे बरेच जण चुकतात. बेअरिंगचं जाड पिवळं ग्रीस घरात असतं म्हणून ते भरतात आणि मग थंडीत पोस्ट रखडत वर येतो. पातळ, सस्पेन्शनच्या सीलसाठी असतं ते ग्रीस सगळ्यात चांगलं, पण महाग आहे. मी सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूब वापरली, रबराच्या सीलला चालतं. पिनांवर आणि खोबणीत पातळ हात, बुशवर हात, सीलच्या ओठाच्या आतल्या बाजूला थोडं. डब्ल्यूडी-४० मारू नका, ते आहे ते ग्रीस धुऊन टाकतं. केबल पण बदलली, जुनीचा एक तंतू तुटून आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, अडकायला लागला होता.

सगळं जोडलं, फ्रेममध्ये बसवलं, लिव्हर दाबली. पोस्ट वर आला, पण कसा, लिफ्ट बंद पडताना येते तसा, कुंथत कुंथत. पोटात गोळा आला. पहिला विचार हाच की पिना घट्ट झाल्या, परत सगळं खोला. पण बाहेर तर हाताने लोण्यासारखी चालत होती. मग फ्रेममध्ये घातल्यावर काय बदललं? सीट क्लॅम्प! सुरुवातीला वळवळ थांबावी म्हणून मी तो जो दाबून आवळला होता, तेवढाच हाताच्या सवयीने आत्ताही आवळला होता. क्लॅम्प जास्त आवळला की फ्रेमची नळी दबते, तिच्यासोबत पोस्टची बाहेरची नळी जराशी आत दाबली जाते आणि आतली नळी तिच्यात धरली जाते. बोल्ट एक चतुर्थांश फेरा सैल केला. लिव्हर दाबली. फट्‌दिशी वर! टॉर्क रेंच असेल तर ५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे होतं, क्लॅम्पवर लिहिलेलं असतं ते बघा, आणि पोस्ट घसरत असेल तर जास्त आवळण्यापेक्षा सीटट्यूब पुसून कोरडी करा. आता मला तर वाटतं की जी माणसं पोस्ट हळू वर येतो म्हणून दुकानात नेतात त्यांनी आधी हा एक बोल्ट सैल करून बघावा.

एका गोष्टीला हात लावू नका, ती म्हणजे गॅस कार्ट्रिज. ते सील केलेलं असतं, आत मोठ्या दाबाने गॅस भरलेला असतो, ते खोलणं, भोक पाडणं, तापवणं यातलं काहीही घरी करायचं नाही. काही पोस्टना हवा भरायला व्हॉल्व्ह असतो, त्यांची गोष्ट वेगळी, तिथे शॉक पंपने भरता येते. पण सीलबंद कार्ट्रिज गेलं असेल तर अख्खं कार्ट्रिज बदलायचं, बऱ्याच केबलवाल्या पोस्टना ते सुटं मिळतं आणि पोस्टच्या किमतीपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. आणि सीट खाली असताना सायकल सीटला धरून उचलू नका, काही पोस्टमध्ये त्या ओढीने कार्ट्रिजच्या तेलात हवा शिरते आणि मग तो स्पंजी होतो. गाडीवर चढवताना फ्रेमला धरून उचला.

खर्च सांगते. रॉड ७०, पॉलिश पेपर ४ मिळून ८०, स्पिरिट ६०, केबल ८०, सिलिकॉन ग्रीस १८०. एकूण ४७० रुपये, आणि दोन रविवार. कॅन शेजारच्या मुलाच्या वाढदिवसातला. ड्रिल आणि मायक्रोमीटर यांचा खर्च यात नाही, मायक्रोमीटर नसेल तर त्याच्या जागी डिजिटल व्हर्निअरने काम चालेल, फक्त प्रत्येक माप तीनदा घ्या कारण स्वस्त व्हर्निअर शेवटच्या आकड्यात इकडेतिकडे होतं.

दुरुस्तीनंतर नाकाचं हलणं २ मिमी आलं. हिशोबाने तेवढंच यायला पाहिजे होतं, खोबणीच्या वरच्या भागात जेवढं सैल राहिलं त्याचा सुमारे १ मिमी आणि मूळचा १ मिमी. दुसऱ्या दिवशी पहाटे टेकडीवर गेले, अजून धुकं होतं, खाणीपाशी मोर ओरडत होते. वरून पाषाणच्या बाजूला उतरताना ते एक वळण आहे जिथे मोठा दगड मधोमध आहे, तिथे लिव्हर दाबली, सीट खाली, मांडी टेकवली आणि सीट जागच्या जागी होतं. खट् नाही. उतार संपेपर्यंत मी श्वास धरून तो आवाज यायची वाट बघत होते आणि तो आलाच नाही. खाली येऊन सायकल आडवी न करता भिंतीला लावली आणि नुसतं नाक धरून हलवत बसले दोन मिनिटं.

आता चार महिने झाले. मधे एकदा खोलून बघितलं, पिना ३.०४ वर आहेत, ग्रीस स्वच्छ आहे, करकर नाही. पावसाळ्याआधी मात्र एक करून ठेवलंय, जुन्या ट्यूबचा तळहाताएवढा तुकडा कापून सीटच्या रेल्सना दोन झिप टायने बांधला, तो मागे लोंबतो आणि मागच्या चाकाचा चिखल थेट कॉलरच्या सीलवर उडायचा तो अडतो. राइडवरून आलं की पाइपचं जोराचं पाणी कॉलरवर मारत नाही, ओल्या फडक्याने नळी पुसते, सीट चार वेळा वरखाली करते, परत पुसते.

रॉडचा दोन फुटांच्या वर तुकडा शिल्लक आहे. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा पोस्ट असाच वळतोय, पण त्याच्या पिना गोल नाहीत, चौकोनी पट्टीसारख्या आहेत, त्या ड्रिलवर होणार नाहीत. त्या कानशीनेच कराव्या लागतील, आणि काका म्हणालेत की शनिवारी त्याला ताट घेऊन खाली पाठव.